दोन कोरी पानं आणि कलम चौदा

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला अंतिम मसुदा माझ्या टेबलावर आला. त्यात कलम तेरा होतं, कलम पंधरा होतं, आणि मध्ये एकच शब्द होता. 'वगळले.'

मी नागपूरची. राग आला की माझा आवाज आधी निघतो आणि डोकं मागून चालतं. "कोणी केलं हे?" मी ओरडले, तर खालच्या दातांच्या दवाखान्यातली बाई जिन्यात येऊन बघून गेली.

आमचं ऑफिस जे. पी. नगरमध्ये, त्या दवाखान्याच्या वर. पाटी मोठी आहे: 'दक्षिण आशिया संपर्क मंडळ, तांत्रिक सचिवालय'. माणसं मात्र चारच. फोन आणि इंटरनेटचे मोठे नियम कुठलाही देश एकटा ठरवत नाही. शेजारचे देश आधी आपसात एक मसुदा पक्का करतात, तो जिनिव्हाच्या जागतिक परिषदेत जातो, आणि तिथे जे ठरतं ते मग घरोघरच्या फोनपर्यंत उतरतं. आमच्या मंडळात सात देश आहेत. त्यांचा मसुदा आम्ही चौघं लिहितो, आणि तीन वर्षं घासून कलम चौदा लिहिलं ते मी, उल्का भोयरनं.

कलम फक्त दोन ओळींचं. कुठल्याही फोनवरून आपत्कालीन नंबरला फुकट मेसेज करता यावा, आणि तिकडूनही मेसेजनंच उत्तर यावं. बस.

माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही, बोलत नाही. चार वर्षांपूर्वी आईच्या छातीत कळ आली तेव्हा घरात तीच एकटी होती. तिनं आपत्कालीन नंबर लावला. पलीकडचा माणूस "हॅलो, बोला" म्हणत राहिला आणि कोणी बोलेना म्हणून त्यानं फोन ठेवला. तिनं परत लावला. परत ठेवला. तीन वेळा. मी घरी पोचले तेव्हा आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि फोन हातातच होता. त्या दिवसापासून मी हे कलम उराशी धरून बसले आहे. ऑफिसात मी बहिणीचं नाव काढत नाही, 'आमची छोटी' एवढंच म्हणते. नाव कळलं की लोक कीव करत चौकशा करतात, आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

आता कलम पडलं म्हणजे पुढची परिषद चार वर्षांनी. जिनिव्हाचं दार आज संध्याकाळी आपल्या साडेपाचला बंद होणार होतं.

"उल्का, आवाज कमी," आमचे संचालक रघुनंदन सर केबिनमधून बाहेर आले. इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे बेंगळुरूकर मराठी. "मौन भंग झालं. बेटवाल्यांनी केलं. मी काय करू?"

बेटवाले म्हणजे आमच्या सातांतला सगळ्यात चिमुकला देश. आणि मौन म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी रीत. शेवटचा मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि दहा दिवस थांबायचं. कोणी काही बोललं नाही तर सगळ्यांना मान्य. एखाद्या देशाचं एखाद्या कलमावर पत्र आलं, की मौन भंगलं आणि ते कलम बाहेर. त्या दहा दिवसांत आलेलं पत्र ऑफिसात कोणी वाचायचं नाही, विषय बघून नुसतं पाकिटात घालायचं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडायचं. कोणी कोणावर दबाव आणू नये म्हणून.

मुदत शुक्रवारी संपली होती. शुक्रवारी मला नेमकं व्हाइटफील्डला एका चर्चेला पाठवलं होतं.

"पाकीट दाखवा," मी म्हटलं.

"ते बैठकीत उघडायचं असतं."

"सर, मी आज ते दातांनी फाडीन. दाखवा."

सरांनी कपाट उघडलं. पाकिटावर गोल शिक्का, वर आवक नंबर एकेचाळीस. चौघं जमलो. सरांनी कात्रीनं कड कापली आणि आतले कागद टेबलावर पसरले.

दोन पानं होती. दोन्ही कोरी.

२

मी सरळ बेटावर फोन लावला. त्यांच्या दूरसंचार खात्यातले साहेब फार गोड बोलले. म्हणाले, आम्ही कसलंही पत्र पाठवलेलं नाही, कलम चौदा आम्हाला आवडलं होतं.

"मग तुम्ही लिहून द्या की हरकत मागे घेतली!"

"मॅडम, न पाठवलेलं पत्र मागे कसं घेणार? पत्र असेल तर दाखवा."

मी फोन ठेवला. पत्र होतं आणि नव्हतं. ते कोणी पाठवलं ते माहीत नाही, कोणी नेलं ते माहीत नाही, आणि घड्याळात दहा वाजून गेले होते. रडू येत होतं, पण त्या तिघांसमोर रडण्यापेक्षा मी जिन्यावरून उडी मारली असती.

तेव्हा मला अंबूबाईंची आठवण झाली.

अंबूबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. वय बहात्तर. या सचिवालयात तीस वर्षं कागदपत्रं त्यांनी सांभाळली. पाकिटाची रीत, शिक्क्याची रीत, आवक वहीची रीत, सगळं त्यांनी बसवलेलं. तीनशे वर्षं त्यांचं घराणं या शहरात आहे, त्यामुळे मराठीत कन्नड असं मिसळतं की नवख्या माणसाला सांधा सापडत नाही.

मी धावत गेले. त्या गॅलरीत शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून त्यांनी चप्पल घातली.

"स्वल्प थांब, रडू नको गं," त्या म्हणाल्या. "कपाटाच्या किल्ल्या अजून तीनच ना?"

"तीनच. सर, सुप्रीता आणि पुष्कर. मला नाही देत, मी कलमाची लेखिका म्हणून."

"सरी, बरं. मग तिघांनाच विचारू. आणि तू मध्ये ओरडायचं नाही."

मी कबूल केलं. ते मला पाळता आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

३

पहिला पुष्कर. पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, संगणक आणि टपाल बघतो. प्रत्येक वाक्यात 'प्रोसेस' आणतो.

"मी प्रोसेस फॉलो केली, मॅम. शुक्रवारी चार चाळीसला ईमेल आला. पत्त्याच्या शेवटी बेटाच्या सरकारचं नाव होतं. विषय: 'कलम चौदासंदर्भात'. मी फक्त प्रिंट काढली, पाकिटात घातली, शिक्का मारला. वाचलं नाही. सहाला नियमाप्रमाणे मौनाच्या काळातले सगळे ईमेल पुसून टाकले."

"सगळे पुसले?" मी उसळले. "एक प्रत नाही ठेवली? काहून?"

"कारण तसा नियम आहे! अंबूबाईंनीच केलेला आहे!"

अंबूबाई जरा खाकरल्या. "आहे बाबा, माझाच आहे. तेव्हा ईमेल नव्हता, टेलेक्सच्या पट्ट्या जाळायचो. बरं, किती पानं निघाली?"

"दोन. भरगच्च."

"भरगच्च," अंबूबाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि पाकीट कोणाला दिलं?"

"सुप्रीताला. तिनं कपाटात ठेवलं. मी साडेसहाला निघालो. मॅम, माझ्यावर येणार आहे का हे? माझं अप्रेझल पुढच्या आठवड्यात आहे."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दुसरे रघुनंदन सर. अंबूबाई त्यांना अजून रघू म्हणतात, कारण ते उमेदवारीला आले तेव्हा त्यांना फायलीची नाडी बांधता येत नव्हती.

"रघू, शनिवारी कुठे होतास?"

"घरी, अक्का."

"सर, खोटं!" मी म्हटलं. "तुमच्या टेबलावर व्हाइटफील्डच्या हॉटेलची पावती पडली आहे. शनिवारची तारीख आहे."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"फोन कंपन्यांच्या संघटनेचे लोक होते," ते शेवटी म्हणाले. "मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. सल्लागार म्हणून या म्हणाले. कलम चौदा त्यांना नको होतं, हे खरं. यंत्रणा बसवायची, माणसं ठेवायची, कोणाला हवं? पण पत्राला मी हात लावला नाही. शुक्रवारी पुष्करची चिठ्ठी आली की मौन भंग, मी नियमाप्रमाणे कलम काढलं. मी त्याला ढकललं नाही, अक्का. पडताना धरलंही नाही, एवढंच."

"बाप्पा, केवढा उपकार!" मी म्हटलं. अंबूबाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

माझ्या मनात तर खटला संपला होता. चोर समोर बसला होता, चष्मा पुसत. पण अंबूबाईंनी त्यांना जायला सांगितलं, आणि जाताना वर म्हणाल्या, "रघू, जेवून घे, शुगर आहे तुला."

"अहो, तुम्ही त्याला काहून सोडून राहिल्या?"

"त्यानं नेलं नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "तिसरीला बोलाव."

४

सुप्रीताचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नाही. तीही इथल्या जुन्या घरातली, शांत, नीटनेटकी. कलम चौदाच्या पहिल्या मसुद्यावर तिनं लाल पेनानं लिहिलं होतं, 'ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारलंय का?' ते मला इतकं लागलं होतं की मी तो कागद तिच्या टेबलावर फाडून टाकला होता. माझ्या घरात आई गेली आणि ही मला विचारते विचारलंय का!

ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"अंबू अक्का, पाकीट मी सव्वापाचला कपाटात ठेवलं. किल्ली पर्समध्ये टाकली. सातला घरी गेले."

"साडेसहाला पुष्कर गेला. रघू?"

"सर सहालाच गेले होते."

"म्हणजे अर्धा तास तू एकटी."

"हो."

"सांग ना मग!" मला राहवेना. "किती दिले तुला कंपनीवाल्यांनी? तुला माहीत आहे, आमच्या घरी काय झालं ते माहीत आहे, तरी तू..."

सुप्रीता चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"उल्का, तू घरी जा," ती हळू म्हणाली. "इथे काही हाती लागणार नाही. आणि स्वानंदीला एवढ्यात काही सांगू नकोस. कलम पडलं एवढंच सांग. का पडलं ते राहू दे."

"तू मला शिकवू नको!" मी म्हटलं. ती उठून गेली.

दीड वाजला होता. मी खुर्चीत कोसळले. चार तास उरले होते आणि तिघंही 'मी नाही' म्हणून मोकळे झाले होते. मला आईचा तो मांडीवरचा चेहरा दिसायला लागला, आणि या वेळी मी रडले. खूप रडले, कोण बघतंय याची पर्वा न करता.

अंबूबाईंनी मला रडू दिलं. मग पाण्याचा ग्लास पुढे सरकवत म्हणाल्या, "उल्का, स्वानंदी कोण गं?"

"आमची छोटी."

"आणि तिचं नाव या ऑफिसात कोणाकोणाला माहीत आहे?"

मी ग्लास तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

५

सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवून अंबूबाई बोलायला लागल्या. आवाज एकदम साधा, पाककृती सांगावी तसा.

"आधी एक बघा. कलम पडावं असं ज्याला वाटत होतं, त्यानं हे पत्र का न्यावं? पत्र हाच तर त्याचा पुरावा. मौन भंग झालं हे दाखवायला त्याला ते जपून ठेवावं लागलं असतं. म्हणून रघू नाही. रघूला पत्र कपाटात हवं होतं."

सरांनी सुटकेचा श्वास टाकला.

"पुष्करला काही लपवायचं असतं तर त्यानं प्रिंटच काढली नसती. ईमेल पुसायचा, विषय संपला, कोणाला पत्ताही लागला नसता. त्यानं चिठ्ठी दिली, नोंद केली. म्हणून तोही नाही."

"थँक यू, मॅम," पुष्कर म्हणाला.

"दुसरं. तीस वर्षं मी देशांची पत्रं उघडली. नकार एका ओळीत येतो. 'आम्हाला हे मान्य नाही', खाली सही. भरगच्च दोन पानं लिहितो तो नकार देत नसतो, काहीतरी मागत असतो. म्हणजे ते पत्र विरोधाचं नव्हतंच. पण आमच्या नियमाला विरोध काय आणि प्रेम काय, सारखंच. मौनाच्या काळात बोललं की भंगलं. कोणीतरी भल्यासाठी बोललं, आणि कलम गेलं."

मला कळायला लागलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

"तिसरं. कोरी पानं घालून ज्यानं पाकीट परत चिकटवलं, त्याला कलमाशी देणंघेणं नव्हतं. कलम तर गेलंच होतं. त्याला पत्रातलं एक नाव लपवायचं होतं. ज्या मुलीचं नाव उल्कानं या ऑफिसात कधी काढलं नाही, ते आज दुपारी एकाच माणसाच्या तोंडून मी ऐकलं." त्या वळल्या. "सुप्रीता, ते पत्र फाडलंस की आहे?"

सुप्रीतानं पर्स उघडली. दोन पानांची घडी टेबलावर ठेवली.

"फाडायला हात धजला नाही, अक्का," ती म्हणाली.

६

पत्र दूरसंचार खात्याचं नव्हतंच. बेटाच्या दिव्यांग विभागातल्या लतीफा नावाच्या बाईंचं होतं. म्हणूनच त्या गोड साहेबांना पत्ता नव्हता. पहिलंच वाक्य होतं: 'भारतातील कुमारी स्वानंदी भोयर यांनी आमच्या गेल्या आठवड्यातील ऑनलाइन कार्यशाळेत केलेल्या विनंतीवरून आम्ही कलम चौदाला मनापासून पाठिंबा देतो, आणि त्यात व्हिडिओ कॉलवरून खुणांच्या भाषेत मदत मागण्याची सोय जोडावी असे सुचवतो.'

मी ते वाक्य परत एकदा वाचलं. माझ्या छोटीनं. तिनं स्वतःच.

"कलम वाचवता येईल का बघावं म्हणून मी पाकीट उघडलं," सुप्रीता सांगत होती. "वाचलं आणि घडी करून पर्समध्ये टाकलं. उल्का, तुझी नोकरी जाईल हे तर होतंच. सचिवालयातल्या माणसाच्या घरच्यांनी मौनाच्या काळात एखाद्या देशाकडे शब्द टाकायचा नाही, नियम स्पष्ट आहे. पण त्याहून मला वाटलं, तू जन्मभर तिच्याकडे बघशील तेव्हा तुला हेच आठवेल. आणि तिला तर... आई गेली तेव्हा ती, आणि आताही ती. मला वाटलं, नको. पत्र नाहीसं होऊ दे. कंपन्यांना शिव्या देऊन तुम्ही दोघी जगाल तरी."

मी तिला काय काय म्हटलं होतं, ते सगळं मला आठवलं. "सुप्रीता," मी म्हटलं, आणि तिचा हात धरला.

"वेडी आहेस," अंबूबाई तिला म्हणाल्या, पण रागानं नाही. "जीव लावून घोटाळा केलास. हे पत्र मिळालं म्हणून तर आता रस्ता आहे. जुना नियम, मीच टाइप केला होता, नववं पान: ज्यानं मौन भंग केलं त्यानंच मसुदा जिनिव्हाला जायच्या आत लेखी मागे घेतलं, तर कलम परत येतं. सही लतीफाबाईंची आहे, तर मागे त्याच घेऊ शकतात."

"असा नियम आहे?" सुप्रीतानं तोंडावर हात ठेवला.

"उल्का, विचार कर," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसाचा वाटला. "हे पत्र बाहेर काढलं की मला तुझ्यावर कारवाई करावीच लागेल."

"करा सर. आत्ताच टाइप करून ठेवा," मी म्हटलं. लतीफाबाईंना ओळखत होती ती छोटीच; तिला मेसेज केला: 'असशील तशी निघ. ऑफिसात ये.'

७

इलेक्ट्रॉनिक सिटीहून मेट्रोनं आणि पुढे रिक्षानं ती पोचली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. धापा टाकत आली, चेहऱ्यावर हसू. तिला वाटलं होतं कलम पास झालं, आनंदासाठी बोलावलं. मला बघून तिनं दोन्ही हातांनी विचारलं, 'झालं ना?'

मी तिला सगळं सांगितलं. आमच्या खुणांत 'मौन' या शब्दाला खूण नाही. मी ओठांवर बोट ठेवलं, मग कागद दाखवला, मग कागद टोपलीत टाकल्याचं दाखवलं. तिचं हसू हळूहळू गेलं.

'माझ्यामुळे?'

'नियमामुळे,' मी सांगितलं.

'माझ्यामुळे,' ती परत म्हणाली, आणि हात मांडीवर पडून राहिले.

मी तिला हलवलं. वेळ नव्हता, देवाशपथ वेळ नव्हता, नाहीतर मी इतकी कठोर झाले नसते. 'लतीफाबाईंना फोन लाव. सांग, ती मागणी मागे घ्या. व्हिडिओची. मग मेसेजचं कलम वाचेल. वीस-पंचवीस मिनिटं आहेत.'

तिनं फोन उचलला नाही.

'मला न विचारता तू कलमात मेसेज घातलास,' ती म्हणाली. तिचे हात रागावले की आखडतात, तुटक होतात. 'आईच्या वेळी मला मेसेज करता आला असता असं तुला वाटतं? मला तुमची अक्षरं जमवायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे. घाबरले की एक अक्षर आठवत नाही. हात आठवतात. समोर कोणीतरी माझे हात बघितले असते, तर मी सांगितलं असतं. आई, छाती, लवकर. तीन खुणा. म्हणून मी लतीफाताईंकडे मागितलं. तुझ्याकडे मागितलं नाही, कारण तू खूश होतीस.'

मी तिथेच खाली बसले. तीन वर्षं, बाप्पा, तीन वर्षं मी तिच्यासाठी म्हणून लढत होते. सात देशांना विचारलं, कंपन्यांना विचारलं, व्हाइटफील्डला जाऊन परक्यांना विचारलं. घरात शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलीला विचारलं नाही. सुप्रीतानं लाल पेनानं तेच लिहिलं होतं, आणि मी कागद फाडला होता.

'मग नको लावू फोन,' मी म्हटलं. 'पडू दे कलम. तुझं नाही तर कोणाचंच नाही.'

घड्याळात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. खोलीत कोणाला आमचं बोलणं कळत नव्हतं, पण सगळे उभे होते. अंबूबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या.

छोटीनं डोळे पुसले. फोन उचलला, समोर टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि लतीफाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई दिसल्या. त्याही ऐकू न येणाऱ्या. दोघींच्या खुणा वेगळ्या, पण कार्यशाळेत जमलेल्या. छोटी सांगत होती आणि त्या बाई मान हलवत होत्या, नाही, नाही. तिनं हात जोडले. त्यांनी डोळ्यांना ओढणी लावली. मग त्या पडद्यावरून बाजूला झाल्या आणि टाइप करायला लागल्या.

पाच बावीसला ईमेल आला. पुष्करनं तो मोठ्यानं वाचला आणि त्याचा आवाज फाटला: 'आमची सूचना आम्ही मागे घेत आहोत.' सुप्रीतानं कलम चौदा जागेवर ठेवलं, सरांनी सही केली. सहीनंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही; पुढची सही माझ्या कारवाईवर होती. पाच सत्तावीसला जिनिव्हाहून पोच आली.

पुष्करनं टाळ्या वाजवल्या. सुप्रीता माझ्या गळ्यात पडून रडली आणि मीही तिच्या. अंबूबाई "आयतु, आयतु, झालं बाई" म्हणत खुर्चीत टेकल्या.

छोटी खिडकीशी उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, 'माझं आता कधी?'

मी चार बोटं वर केली.

मग तिनं ती आपल्या मुठीत धरून मिटवली, आणि मोकळ्या हातानं म्हणाली, 'तोवर तू घराबाहेर असताना मला काही होऊ द्यायचं नाही.'

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?